वजनदार रिव्हॉल्व्हर आणि वरच्या नदीची नोकरी

आधीच माफी मागते. स्पेलिंग चुकणार, आणि टायपिंग एका बोटानं चाललंय. शाळा नववीत सोडली. गावच्या कचेरीतल्या कॉम्प्युटरवर बसलेय, आणि कचेरीतल्या बाईंनी दोनदा विचारून झालंय, "झालं का गं?" नाही झालं. होईल.

मी, फेक्ला पानामारोफ, लुक्यान पानामारोफ यांची मुलगी, वय अठरा पूर्ण, राहणार लाझर खाडी, कोडियाक बेट, अलास्का, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. कुणी भरीस घातलेलं नाही. प्यायलेली नाही, फक्त चहा. मरायचा माझा विचार नाही, सप्टेंबरात परत यायचंय. पण आपल्या खाडीची रीत आहे. पहिल्यांदा वरच्या नदीवर एकटं राहायला जाणाऱ्यानं मृत्युपत्र लिहायचं, घरातल्या मोठ्यानं ते टेबलाशी बसून मोठ्यानं वाचायचं, आणि घरातल्याच दोघांनी सही करायची. दोन सह्या नसतील तर कुणी बोटीत घेत नाही.

आमच्या घरात मोठे दोघंच. मात्फे मामा सही करणार, तो म्हणालाय. बाबा काहीच म्हणाले नाहीत. बोट गुरुवारी आहे. सही नाही झाली तर नदीत आडव्या घातलेल्या, मासे मोजायच्या कुंपणावरची नोकरी बाहेरच्या कुणाला तरी जाईल, आणि ती नोकरी अकरा उन्हाळे बाबांची होती. ती मला पाहिजे.

मला चार माणसांत बोलता येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून जे बोलायचंय ते इथेच लिहिते. मामा, वाचताना गाळायचं नाही.

एक. घर माझं नाही, त्यामुळे ते कुणाला देत नाही. स्टीम बाथच्या झोपडीत माझी एक खुंटी आहे, दाराजवळची, वारा लागतो ती. ती मामाला. वीस वर्षं तो म्हणतोय की त्याला चांगली खुंटी मिळत नाही. घे.

दोन. जाळं विणायची हाडाची सुई मामाकडेच आहे. "दोन दिवसांत देतो" म्हणून नेली त्याला तीन वर्षं झाली. ती आता रीतसर त्याची. म्हणजे चोरी मिटली.

तीन. शाळेत हार्लन माझ्या मागे बसायचा. मी मोठ्यानं वाचायला उभी राहिले की टेबलाखालून कोंबडीसारखा आवाज काढायचा. त्याला माझी डिक्शनरी. कोंबडीचं पान दुमडून ठेवलंय.

चार. माझा रबरी कोट आणि मासे कापायची सुरी ज्याला बसेल त्याला. सुरीला धार आहे, जपून.

पाच. आता रिव्हॉल्व्हर. हे कलम लांब आहे, कारण माझ्याकडे किमती वस्तू तीच एक. ती कुणाला द्यायची ते शेवटी सांगते. आधी ती कशी घेतली ते सांगते, म्हणजे पुढच्यानं घेताना माती खाऊ नये.

वरती अस्वलं आहेत. लिहिलं तर चालतं, तोंडानं नाव घ्यायचं नाही, ऐकून येतात म्हणतात. मामा, तू वाचताना "शेजारी" म्हण. शेजाऱ्यासाठी आधी आवाज, मग तिखटाचा फवारा, आणि काहीच चाललं नाही तर मॅग्नम, म्हणजे जबर गोळीचं रिव्हॉल्व्हर. बंदूक शेवटची, पण शेवटची वस्तू चालायलाच पाहिजे.

दुकानदार एकवीसच्या आत हँडगन विकत नाही. ओळखीच्या माणसाकडून जुनं घेता येतं. म्हणून एप्रिलमध्ये टपालाच्या विमानानं शहरात गेले, हेडलंड काकूंकडे. त्यांचा नवरा शिकारीला लोकांना न्यायचा, तो गेल्यावर त्याच्या वस्तू त्या एकेक करून विकतात. स्वयंपाकघरात टेबलावर टॉवेल पसरून त्यांनी तीन रिव्हॉल्व्हर मांडली. तिन्ही चव्वेचाळीस मॅग्नम.

पहिलं चकचकीत, नळी आठ इंच. काकू म्हणाल्या, "हे घे, फोटोत छान दिसतं."

मी म्हणाले, "छातीवरच्या पट्ट्यात बसणार नाही."

"बोलतेस होय? मला वाटलं मुकी आहेस."

दुसरं करड्या रंगाचं, हलकं. काकूंनी ते दोन बोटांत धरून झुलवलं. "बघ, पावापेक्षा हलकं. दिवसभर बाळगलं तरी कळत नाही." त्याला मी हात लावला नाही. का, ते सहाव्या कलमात आहे.

तिसरं पोलादी, नळी चार इंच, रंग उडालेला, मुठीला जाळ्याची दोरी गुंडाळलेली. काकूंनी ते टॉवेलच्या कडेला ठेवलं होतं, जसं पाहुण्यांपुढे वेंधळा पोरगा बसवतात.

आधी चक्र उघडून रिकामं आहे का बघितलं. मग परत बघितलं. मग घोडा अगदी सावकाश मागे ओढला. घोडा पूर्ण मागे जाईपर्यंत चक्र फिरून जागेवर बसलंच पाहिजे, कट्‌ असा आवाज येतो. सहाच्या सहा घरांना तसं करून बघितलं. एक घर चांगलं म्हणून सगळी चांगली नसतात. मग चाप दाबून धरला आणि चक्र हलवून बघितलं. खुळखुळलं नाही. चक्र आणि नळी यांच्यातली फट मोजायला बोटीच्या मोटरच्या स्पार्क प्लगला लावतो त्या पट्ट्या नेल्या होत्या. बारीक पट्टी गेली, जाड गेली नाही. तसंच पाहिजे. स्क्रूच्या खाचा बघितल्या. खाचा कुरतडलेल्या असतील तर कुणीतरी घरी बसून आत अक्कल चालवलेली असते. नळीत उजेड टाकून बघितलं.

काकूंचा चहा गार झाला. "अगं बाई, रिव्हॉल्व्हर बघायला आलीस का नवरा?"

मी म्हणाले, "नवरा असता तर एवढं बघितलं नसतं."

त्या इतक्या हसल्या की टॉवेल ओढला गेला. साडेसहाशे डॉलर म्हणाल्या होत्या, पावणेसहाशेला दिलं. दिसायला ओबडधोबड आहे, म्हणून परवडलं. चकाकीचे पैसे वेगळे पडतात आणि शेजाऱ्याला चकाकी कळत नाही.

उरलेल्या पैशांतून दुसरं रिव्हॉल्व्हर घेता आलं असतं, किंवा नवा फोन. मी सगळ्याची काडतुसं घेतली. बजेट ठरवाल तेव्हा अर्धं बंदुकीला, अर्धं काडतुसांना. हे मी हट्टानं सांगते, कुणी हसो. मे महिनाभर मासे डब्यात भरायच्या जुन्या कॅनरीमागच्या मातीच्या धक्क्यावर जाऊन चालवलं. सहा भरायची, पाच उडवायची, सहावं बाहेर काढून त्याची लांबी मोजायची. हे दर वेळी केलं. सहाव्याची लांबी एकदाही वाढली नाही.

सहा. लांबी का मोजायची ते आता.

चौदा वर्षांची होते तेव्हा बाबांचं जुनं रिव्हॉल्व्हर खाऱ्या पाण्यात गेलं. त्यांची कंबर दुखायची. कॅटलॉगमधून नवीन मी निवडलं, हलकं म्हणून. कोळंबी आणि खेकडे सोलून साठवलेले माझे पैसे घातले, आणि मामानं स्वतःच्या नावावर मागवलं. बाबांनी ते हातात घेतलं आणि म्हणाले, "पोरीनं कंबरेचा विचार केला." दोन दिवस सगळ्यांना दाखवत होते.

त्याच ऑगस्टमध्ये शेजारीण दोन पिल्लांबरोबर कुंपणाशी आली. फवारा वाऱ्यानं उलटा आला. बाबांनी दोन गोळ्या झाडल्या. तिसऱ्या वेळी चाप हललाच नाही. हलक्या बंदुकीला धक्का जबर बसतो. त्या धक्क्यानं उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या थोड्या थोड्या पुढे सरकतात. एक पुढे डोकावली आणि चक्र अडलं. शेजारणीनं धरलेला बाबांचा उजवा हात तेव्हापासून निकामी आहे.

कुणी मला काही बोललं नाही. चार वर्षं कुणीही नाही. मी शाळा सोडली तेव्हा सगळे म्हणाले, लाजाळू आहे, जमत नाही तिला. लाजाळू आहे, पण म्हणून सोडली नाही. बाबांना एका हातानं जाळं ओढता येत नव्हतं.

बाबा, ते मी निवडलं होतं. हे मी लिहिते, कारण तोंडानं चार वर्षांत निघालं नाही. या वेळी मी वजनदार घेतलंय आणि मोजून घेतलंय. सही करा.

सात. हे रिव्हॉल्व्हर माझ्यामागे कुंपणावर जो राहील त्याला. अट एकच, जायच्या आधी त्यानं वरच्यासारखं सहावं काडतूस मोजायचं. हलकं आहे का विचारणाऱ्याला देऊ नये.

(इथून पुढचं वाचन झाल्यावर टाइप केलंय. बुधवारी दुपारी, जेवणानंतर.)

मामानं वाचलं. खुंटीपाशी म्हणाला, "मेल्याशिवाय मिळणार नाही का?" सुईपाशी खोकला. "शेजारी" नीट म्हणाला. सहावं कलम वाचून त्यानं कागद खाली ठेवला. बाबा मासा भरून भाजलेल्या फिश पायचा कडेचा तुकडा काट्यानं इकडून तिकडे ढकलत होते.

म्हणाले, "सहावं कलम खोड."

मी मान हलवली. नाही.

"खोड म्हणतो ना फेक्ला. खोटं आहे ते."

मामा म्हणाला, "लुक्यान, पोरगी बरोबर लिहिते आहे, गोळी सरकलीच होती. मी स्वतः चक्र ठोकून उघडलं."

"गोळी सरकली ते खरं. निवडलं म्हणून सरकली ते खोटं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या बंदुकीच्या पेटीत एक चिठ्ठी होती. हलक्या बंदुकीत अमुक काडतुसं वापरू नका, वापरलीत तर आधी तपासून घ्या. मी वाचली होती. काडतुसं महाग. मी दोन उडवली, डबा बंद केला आणि वर गेलो. सहा भरून मी ते एकदाही चालवलं नाही. एकदाही नाही."

मला वाटलं आता बाबा उठून जातील.

"चार वर्षं ही पोर माझं पाप वागवते आहे आणि मी गप्प बसलो, कारण गप्प बसलं की बरं चालत होतं," ते म्हणाले. "खोडत नसशील तर खाली माझं घाल. मी सांगतो तसं."

मग दोघंही माझ्याबरोबर कचेरीत आले, बाबांनी सांगितलं आणि मी एका बोटानं टाइप केलं. मध्ये एकदा म्हणाले, "हळू चालव, मला घाई नाही."

आठ, लुक्यान पानामारोफ यांच्या सांगण्यावरून. चिठ्ठी मी वाचली होती. दोष बंदूक निवडणारीचा नाही, न तपासणाऱ्याचा आहे. तिनं या वेळी जे घेतलंय ते मी आज सकाळी कॅनरीमागे नेऊन बघितलं, तिला न विचारता. डाव्या हातानं पाच उडवली. सहावं मोजलं. सरकलं नव्हतं. कुंपणावर तिनं जावं.

साक्षीदार पहिला: मात्फे, फेक्लाचा मामा. सही केली, आणि खुंटी आजपासूनच वापरणार असं कंसात लिहिलं.

साक्षीदार दुसरा: लुक्यान पानामारोफ. सही डाव्या हातानं केलेली आहे. अक्षरं वाकडी असली तरी सही त्यांचीच आहे, मी समोर होते. कुणी शंका काढू नये.

लिहून देणार: फेक्ला पानामारोफ.

लाझर खाडी, कोडियाक बेट. बुधवार, २ जून २०२१.

ताजं: विमानातून केळी आली! मार्चनंतर पहिल्यांदा. दुकानासमोर रांग लागलीय, कचेरीतल्या बाईसुद्धा पळाल्या.