हरिकाकांची फियाट आणि पूजेला बसलेले पाने

बेळगाव,
दसरा, सकाळ

ती. हरिकाका यांना विद्युल्लतेचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी हात ग्रीसने माखले आहेत, तेवढे वगळून बाकीच्या अंगांचा स्वीकारावा.) गुडघे कसे आहेत? सूनबाई रचना मिठावरून बोलत असेल, तर तिचं ऐका. इकडे सासूबाई, आम्ही आणि फियाट खुशाल.

हो, फियाट. काकू गेल्यावर "डावीकडे ती नसेल तर मी स्टिअरिंगला हात लावणार नाही, गाडी भंगारात घाल आणि माझ्यापुढे पुन्हा गाडीचं नाव काढू नकोस," असं म्हणून किल्ली माझ्या हातात कोंबलीत आणि मुलाकडे कोल्हापूरला निघून गेलात. तेव्हापासून तुम्ही उंबरा ओलांडत नाही, असं रचना फोनवर सांगते. (राग माझ्यावर काढा, ती बिचारी तुम्हाला पथ्याचं करून घालते.) म्हणून मी हट्टाला पेटले. तुम्हाला त्या गाडीत बसवायचंच.

काय गाडी आहे हो, काका! भंगारवाल्याला दाखवायला म्हणून ताडपत्री काढली आणि दाखवायचं राहूनच गेलं. कार्बोरेटरमध्ये कुंभारमाशीचं घर, मागच्या सीटमध्ये उंदरांचे संसार, सायलेन्सरची चाळण. पण सांगाडा कसा ताठ! मोटार रॅलीसाठी तुम्ही तिच्या पोटाखाली ठोकून घेतलेल्या जाड पत्र्यावर कणकुंबीच्या घाटातल्या दगडांचे पोचे अजून आहेत. उद्यमबागेतला आण्णाप्पा मिस्त्री ते हातोडीने सरळ करायला निघाला, तेव्हा मी अशी ओरडले, की एरवी आक्का म्हणणारा तो आठवडाभर मला मॅडम म्हणत होता. शेवटी इंजिनाने पहिला हुंकार दिला आणि मी रडले. (आण्णाप्पा म्हणतो, डोळ्यात धूर गेला. म्हणू दे.)

काल खंडेनवमी. पूजेला गाडी लखलखीत हवी म्हणून सासूबाईंनी सकाळीच बॉनेट उघडून नळाच्या पाइपने इंजिनाला अभ्यंगस्नान घातलं. इतकं मनापासून, की एकही कानाकोपरा सोडला नाही. मग हळद-कुंकू, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. मी किल्ली फिरवली. गुर्र, गुर्र, आणि गप्प. आण्णाप्पाला बोलावलं. तो आला, पण हात मागे बांधून.

"आक्का, पानं समदं देवाम्होरं ठेवल्यात. आज उचलायचं न्हाय."

सबंध उद्यमबागेत, एकाही कारखान्यात, काल कुणी पाना उचलला नाही. आमच्या घरचा स्क्रू ड्रायव्हरसुद्धा पाटावर, वर जास्वंदीचं फूल. मी हळूच हात पुढे केला, तर सासूबाई कडाडल्या, "खबरदार! बोटं आहेत ना तुला? ती कुठं पूजेला बसलीत?"

आणि मला एकदम सुचलं. प्लगांना वीज वाटून देणारा तो डिस्ट्रिब्युटर. त्याचं झाकण क्लिपांवर असतं, त्याला पाना लागतच नाही! बोटांनी उघडलं, तर आत अभ्यंगाचं पाणी. सासूबाईंनी ते स्वतः पदराने टिपलं (नवी इरकल, काका!), झाकण बसवलं आणि फियाट अशी गरजली, की शेजारची जयाबाई आरतीचं ताट घेऊन बाहेर आली. आण्णाप्पाने हात जोडले. "लई मानी हाय बघा आक्का. पान्याबिगर उठली!" सासूबाईंपुढे मीही मनातून हात जोडले. (इंजिन भिजवलं कुणी, हे कुणीच काढलं नाही.)

आता एकही कुरबुर उरलेली नाही. किल्ली फिरवायची की चालू. बाकी भेटीअंती.

तुमची पुतणी,
विद्युल्लता

ता. क. पाकिटावर तिकीट नाही, हे लक्षात आलंच असेल. सीमोल्लंघनासाठी गाडी काढली, निपाणी मागे पडली, हद्दही गेली, आणि आता मी तुमच्याच गल्लीच्या तोंडाशी उभी आहे. रचना फितूर आहे, हे पत्र तीच आत आणून देतेय.

ता. क. दुसरा. स्टिअरिंगला हात लावू नका, तुमचा शब्द मोडायचा नाही. तुम्ही डावीकडे बसायचं, काकूच्या जागेवर, आणि वळण आलं की ती तुमच्यावर ओरडायची तसं माझ्यावर ओरडायचं. एकटीने इथवर कशी आले, ते माझं मला माहीत.

ता. क. शेवटचा. किल्ली फिरवली की चालू होते, हे मी रंगवून लिहिलं. पुन्हा चालू होईल याची खात्री नाही, म्हणून बेळगावपासून इंजिन बंदच केलेलं नाही. निपाणीत चहासुद्धा खिडकीतून घेतला. आता इंजिनाच्या गरमीचा काटा तांबड्याकडे निघालाय. चप्पल घाला आणि या, काका.