तीस हजार एकतीसची बाकी

३ मार्च
आकडेमोड करणाऱ्या माझ्या बहिणींनो, ही रोजनिशी तुमच्यासाठी. डोकं आपलं झिजतं आणि पुस्तकावर नाव साहेबांचं! तरी आज मी खुशीत आहे. संख्यांची कोष्टकं छापणाऱ्या कचेरीत मला जागा मिळाली. उंच खिडक्या, शाईचा वास, ओळीनं सहा टेबलं. प्रत्येकीला एक भाजक नेमून दिलेला, आणि तेच तिचं नाव: दोनवाली, तीनवाली, पाचवाली, सातवाली, अकरावाली. मी तेरावाली. दोनवाली म्हणाली, माझं काम काय गं, शेवटचा आकडा बघायचा नि चहा प्यायचा!

६ मार्च
साहेबांची लाडकी संख्या ३००३१. आमचे सहाही भाजक एकमेकांशी गुणायचे आणि वर एक मिळवायचा, की ती तयार. म्हणून आमच्यातल्या कुणीही भागलं तरी बाकी एकच उरते. तेवढ्यावर साहेबांनी ती मूळ संख्या, म्हणजे कुणानंच भाग न जाणारी, ठरवून टाकली. पुस्तक छापायला जातंय. खाली आम्हा सहाजणींच्या सह्या हव्यात.

कोपऱ्यातलं सातवं टेबल रिकामं का, विचारलं. अकरावाली कुजबुजली, तिथे एकोणसाठवाली बसायची. तिनं भागून दाखवलं: ५९ गुणिले ५०९. साहेब म्हणाले, फार शहाणी झालीस! चूक कबूल करीपर्यंत तिला कोठीत कोंडलं. तिनं कबूल केलं नाही. चौथ्या दिवशी प्रेत बाहेर काढलं.

मी घरी भागून पाहिलं. बाकी शून्य.

९ मार्च
पाचजणींनी सह्या केल्या. मी केली नाही; ती सही म्हणजे तिला दुसऱ्यांदा मारणं.
दुपारपासून पाचहीजणींच्या तोंडून दोनच शब्द निघतात: बाकी एक. पाणी हवं का, विचारलं— बाकी एक. दोनवाली रडतेय, तेही त्याच शब्दांत.

१० मार्च
साहेब म्हणाले, पोरी, नखरे पुरेत. मी नाही म्हटलं. कोठीत ढकललं. कुलूप.
भिंतीवर नखांनी कोरलेले भागाकार. शेवटच्याचा चुना अजून भुरभुर गळतोय.
शेजारी कुणीतरी श्वास—

११ मार्च
ती मला शिवत नाही. दाराकडे तोंड करून उभी आहे. तिला साहेब हवेत.
मलाही.
बाहेर किल्ली वाजली— ती हसली—
बहिणींनो, पुस्तक निघेलच. रडत बसू नका. हाती येईल त्या प्रत्येक प्रतीत त्या संख्येखाली शाईनं लिहा: ५९ × ५०—