चित्रकलेच्या वर्गातली सभा

दि. १५ जून, शनिवार

दादास,

सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुझी, वहिनीची, मुलांची तब्येत बरी असेल. माझं अक्षर दिसलं की तू पाकीट न फोडताच वहिनीच्या हातात देशील. देऊ नकोस. या वेळी स्वतः वाच.

दुकानात काम भरपूर आहे. शाळा सुरू झाल्या की पोरांचे चष्मे फुटतात, आणि काचा घासून बसवायला मी एकटीच. परवा एका आजींची काच कडेला टवका उडून वाया गेली. मशीन जुनं झालंय.

लिहायचं कारण वेगळंच. आमच्या काउंटरवर एक बाई आहे. तिच्या नवऱ्याला दारू सोडायचीय. तिला विचारायची लाज वाटते, म्हणून दारू सोडणाऱ्यांची सभा जवळपास कुठे भरते का ते शोधायला मी निघाले. दवाखान्यातल्या फलकावर एक कागद होता. त्यावरच्या पत्त्यावर गेले तर तिथे आता केस कापायचं दुकान. नंबर लावला तर कुणी गृहस्थ म्हणाले, "ती सभा हलली, व्यायामशाळेत विचारा." व्यायामशाळेला कुलूप. शेजारच्या टायरवाल्यानं शाळेकडे बोट दाखवलं. शाळेचा वॉचमन अख्ख्या पटांगणाला ऐकू जाईल असा ओरडला, "दारूवाल्यांची मीटिंग ना? दुसरा मजला, चित्रकलेचा वर्ग!" बास्केटबॉल खेळणाऱ्या मुली थांबून बघायला लागल्या.

"माझ्यासाठी नाही," मी म्हणाले.

"कुणीच स्वतःसाठी येत नाही, ताई," तो म्हणाला, आणि त्यानं पुन्हा पेपरात डोकं घातलं.

चार तारीख होती, मंगळवार. संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. वर्गाचं दार अर्धवट उघडं होतं. आत कुणीतरी बोलत होतं. आवाज तुझा होता.

मी जिन्यातच थांबले. तू छान बोलतोस रे. लिफ्ट दुरुस्त करता करता हे कुठे शिकलास? धाकट्या बहिणीनं नऊ वर्षं सांभाळलं, म्हणालास. उलटीचं घमेलं धरलं, साहेबांना खोटे फोन केले, स्वतःचं ठरलेलं लग्न तुझ्या तमाशामुळे मोडलं तरी चकार शब्द काढला नाही. सगळं खरं. आत कुणीतरी नाक ओढलं. मग एकानं विचारलं, "आता कुठे असतात त्या?"

आणि तू म्हणालास, "ती आता नाही."

खुर्च्या सरकल्या. कुणीतरी तुझ्या पाठीवर थोपटलंही असेल.

मी आता नाही. बरं. मग दोन वर्षांपूर्वी भाचीच्या वाढदिवसाला तुझ्या दारात कोण उभं होतं? रंगांची पेटी हातात घेऊन? तू दाराच्या फटीतून म्हणालास, "तोंडाला वास येतोय. मुलांसमोर नको. बरी झालीस की ये." नऊ वर्षं मी तुझ्या त्या वासात जेवले, झोपले, कामावर गेले. तुला एक संध्याकाळ सोसवली नाही. पेटी मात्र आत घेतलीस.

काउंटरवर बाई आहे, पण तिचा नवरा सोडासुद्धा पीत नाही. मशीन गेल्याच वर्षी घेतलंय. हात माझे थरथरतात. महिनाभरात सात काचा गेल्यावर मालकांनी समोर बसवून सांगितलं, "कुणाकडे तरी जा. पुढच्या महिन्यापर्यंत वाट बघतो, नंतर मला दुसरी बघावी लागेल." लिहिलं एकदाचं. आता खूश हो.

त्या मंगळवारी घरी येऊन मी तुझ्या नावानं बाटली संपवली. मेलेल्या बाईला कोण अडवणार? बुधवारी घेतली नाही, त्यानंतरही नाही. का, ते मला कळलेलं नाही. तुझ्यामुळे नाही, एवढं पक्कं ध्यानात ठेव. पुढच्या मंगळवारी शाळेच्या फाटकापर्यंत आले. तुझी स्कूटर दिसली आणि परत फिरले. घरी जाऊन दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिले.

दुसरी सभा नदीपलीकडे भरते, शुक्रवारी. शुक्रवारी दुकान आठपर्यंत उघडं असतं. म्हणजे माझ्या वाट्याला तुझीच खोली.

तेव्हा नीट ऐक. येत्या मंगळवारी मी जिन्यात थांबणार नाही. आत येऊन बसेन. तू तोंड फिरवलंस तरी बसेन. माझी पाळी आली की उभी राहीन आणि आधी हे सांगेन की मी याची बहीण. त्याआधी त्यांना काय सांगायचं ते तू सांगून टाक, किंवा सांगू नकोस. घरी राहायचं असेल तर राहा. पाच वर्षं झाली तुला दारू सोडून, एका मंगळवारानं मरत नाहीस. मला मात्र मंगळवारपर्यंत कसं पोचायचं हेच समजत नाहीये.

माफी मागायला घरी येऊ नकोस. दार उघडणार नाही.

आज अकरावा दिवस. हे अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा सांगावंसं वाटलं ते तुला, याचा मला सगळ्यात जास्त राग येतोय.

तुझीच,
धाकटी