रानडुकरासाठी चेअरमन

५ सप्टेंबर
गणपती आटोपून गावाहून परत. सूड घेणार! त्या मेल्या रानडुकराने अर्धं भात लोळवलं, वर मला फणसावर चढवलं. चुलतभाऊ रामदास खाली उभा राहून व्हिडिओ काढत होता. आता तो व्हिडिओ लालबागच्या आमच्या अख्ख्या चाळीत फिरतोय. दर्शना म्हणते, उरलेलं भातही गेलं तर जमीन रामदासला कसायला देऊन टाकायची. बायकोच शत्रूपक्षात.

७ सप्टेंबर
यूट्यूब पाहिलं. डुक्कर कुत्र्यांनी धरतात. काही कुत्री भुंकून अडवतात, एक थेट कान धरतो. मला कान धरणाराच हवा. शेजारचा गोवेकर कास्मीर म्हणाला, आधी भुंकणारी सोडायची, डुक्कर अडलं की मगच धरणारा. डुकराचं विंदालू खाऊन कोणी शिकारी होत नाही. दुर्लक्ष.

८ सप्टेंबर
कुत्रा फायनल. चाळीतलाच चेअरमन. कमिटीच्या मीटिंगला खुर्चीवर चढून बसतो, म्हणून हे नाव. जबडा उत्तम. भुंकतो फार, ते बंद करायचं. सूड गुपचूप घ्यायचा असतो.

१२ सप्टेंबर
गच्चीवर ट्रेनिंग. डुक्कर कोण होणार? दर्शनाला विचारलं. तिचं उत्तर इथे लिहीत नाही. शेवटी मीच गोणपाट पांघरून रांगलो. कास्मीरकडचा विंदालूचा रस्सा कानांना चोळला होता. चेअरमनने पटकन कान धरला. गुणाचं लेकरू!

२० सप्टेंबर
भुंकला की उपास, कान धरला की सॉसेज. आता तोंडातून आवाज नाही. आज सांडलेला चहा पुसायला वाकलो, गोणपाट नव्हतं, तरी धावत आला. याला म्हणतात निष्ठा.
दर्शना म्हणते फॉरेस्टवाल्यांची परवानगी लागते. डुकराने माझी घेतली होती?

२८ सप्टेंबर
उद्या टेम्पोने गावाला. चाळीतल्या कुशाबाकाकांनी देवाला गाऱ्हाणं घातलं. म्हणाले, म्हाराजा, त्या डुकराक अक्कल दी, आणि ह्येकाव दी. सगळी चाळ ओरडली, व्हय म्हाराजा! दर्शनाचा आवाज सगळ्यात मोठा.

२ ऑक्टोबर, गाव
दसरा. लोक शस्त्रं पुजतात, मी चेअरमनला झेंडूची माळ घातली. रामदास हसला. हस लेका. उद्या सकाळी डुकराबरोबर तुझाही हिशोब.

३ ऑक्टोबर
उजाडताना आलं. तेच ते. मी बांधाआड ओणवा झालो, चेअरमनला सोडलं, धर म्हणालो.
त्याने धरला. माझा. डावा.
न भुंकता. सोडेचना! शिकवण पक्की होती, एवढं मान्य करावंच लागेल. डुक्कर क्षणभर बघत उभं राहिलं, मग निवांत उरलेलं भात जेवायला लागलं. रामदासकडे दुसरा व्हिडिओ आहे.

१२ ऑक्टोबर, लालबाग
कानाला टाके. रेबीजची इंजेक्शनं चालू. व्हिडिओ चाळीत माझ्याआधी पोचला होता. जमीन रामदासकडे गेली. चेअरमनही तिथेच, टेम्पोत चढायलाच तयार नव्हता, हरामखोर.
संध्याकाळी रामदासचा फोन. त्याने चेअरमनला पुन्हा भुंकायला लावलंय. आमच्या शेताशेजारचं त्याचं भात अजून उभं आहे आणि डुक्कर बांधापर्यंतसुद्धा येत नाही. नुसत्या भुंकण्याने, असं तो दोनदा म्हणाला.
फोन मी पट्टीवाल्या कानाला लावला होता. नीट ऐकू आलं नाही.