पाळणा एकटा येणार नाही

अंजूर,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. हेमाली,

आईचा तुला आणि तुझ्या लेकीला आशीर्वाद. जावईबापूंना आणि विहीणबाई बायजाबाईंना माझा नमस्कार सांग. सांगशील की नाही ते तुझ्यावर.

फोन तू उचलत नाहीस. आवाज भरून पाठवलेले मेसेज ऐकत नाहीस. शेवटी तुझा भाऊ बोलला, “आई, लिहून दे, मी नेतो. रोज पडघ्यालाच तर ड्युटी हाय.” म्हणून बसले लिहायला. सातवीनंतर एवढं लिहायची वेळ आली नव्हती. निशा दोनदा डोकावून गेली, मी लिहून देऊ का विचारायला. मी बोलले, सूनबाई, तू आपली भाजी बघ.

इकडे सगळं ठीक आहे. विपुलची शिफ्ट बदलली, आता सकाळची आहे, त्यामुळे डबा लवकर लागतो. उरलेल्या दोन खाचरांत भात पिवळा पडलाय, कापणीला माणसं मिळत नाहीत. सगळे गोदामात जातात, त्यांना तरी काय बोलायचं. मांजर माळ्यावर माझ्या सॅकमध्ये व्याली. निशा हुसकावायला निघाली होती, मी बोलले राहू दे, सॅक आता कुठे लागते.

बाळाचा फोटो विपुलने दाखवला. नाक आपल्याकडचं आहे. बायजाबाई मान्य करणार नाहीत, पण आहे. मी फोटो बोटांनी मोठा करून करून बघितला, तर नुसते ठिपकेच दिसायला लागले. दूध नीट पिते ना? महिनाभर आधी आलेली पोर, तिला गुंडाळून ठेवत जा. तू पण कानाला बांधत जा, आता सकाळी गारवा पडायला लागलाय.

तुझा निरोप मिळाला. आधी पितर होते, मग नवरात्र आलं, म्हणून लांबलेलं बारसं आता गुरुवारी आहे. रीतीप्रमाणे पाळणा माहेरचा, तर तो टेम्पोत घालून पाठवायचा, पण आईने यायला नको. चार बायका बोलतील, तिलाच त्रास होईल. विपुलने मान खाली घालून सांगितलं. त्याला वाटलं मी रडेन. मी त्याला जेवायला वाढलं.

चार बायका काय बोलतील ते मला पाठ आहे. “पोर बाळंतपणाला माहेरी आणली, आन माहेरच डोंगरावर गेलं.” बायजाबाई दवाखान्यात हे बोलल्या आणि मी घरी पोचायच्या आत ते अंजुरात पोचलं होतं. त्यांच्यावर माझा राग नाही. बोलल्या त्यात खोटं काय आहे?

गावाला तर आधीपासूनच मजा वाटते. केसरीनाथची बायको म्हातारपणी प्यांट घालून गड चढते. तुलाही लाज वाटायची, मला माहीत आहे. लग्नाच्या आधी तू बोलली होतीस, आई, त्यांच्याकडे बर्फातले फोटो दाखवू नको. मी दाखवले नाहीत. पण तू कधी विचारलं नाहीस मी का फिरते, आणि मीही कधी सांगितलं नाही. आज सांगते.

भात लावताना दिवसभर वाकून असायचे ना मी, कंबर सरळ करायला उभी राहिले की समोर खाडी आणि खाडीपलीकडे येऊरचे डोंगर दिसायचे. पावसात निळे व्हायचे. मी तुझ्या बाबांना विचारायची, तिकडे काय असेल हो? ते बोलायचे, झाडं असतील, दुसरं काय. अख्खा जन्म मी त्या डोंगरांकडे तोंड करून राबले आणि एकदाही तिकडे गेले नाही. बाबा गेले, शेतावर गोदाम आलं, मला काम उरलं नाही. खाडीच्या बांधावर सकाळी नुसती चालत राहायची. तिथेच भिवंडीची रमशा भेटली, लूमवाल्या सत्तारभाईंची पोर. पक्षी बघायला आली होती, दुर्बीण घेऊन. मला बोलली, “आक्का, इतकं चालता, तर चला ना माहुलीच्या गडाला.” गेले. लुगडं खोचून, रबरी चप्पल घालून गेले.

हेमाली, मला तिथे पहिल्यांदा कोणी काही मागितलं नाही. पाणी दे, भाकर दे, बस इथे, ऊठ तिथून, काही नाही. मी कोणाची आई नव्हते, सून नव्हते. माथ्यावर वारा सुटला आणि मी खडकावर आडवी पडले, दिवसाउजेडी, चार माणसांदेखत. मग मला खूळच लागलं. नदीच्या वाळूत झोपले. हिमाचलात बर्फात पाय रुतला तेव्हा इतकी हसले की रमशाला वाटलं हिला काही झालं. घरी यायची तेव्हा अंगाला धूर आणि घामाचा वास असायचा आणि तू नाक मुरडायचीस. मला तो वास धुवून टाकायला जिवावर यायचं.

आता त्या दिवसाचं लिहायला हवं. एवढ्या गप्पा मारल्या त्या तिथे पोचायला लागू नये म्हणून.

तू ओट्यावर बसली होतीस. पाय सुजले होते तुझे. मी विचारलं, “राहू का गं?” तू बोललीस, “जा तू, वहिनी हाय ना. अजून महिना हाय.” मी बरं बोलले आणि बूट घातले. तू “जा” बोललीस हे मी नंतर सगळ्यांना सांगत सुटले. विपुलला सांगितलं, शेजारी सांगितलं, रमशाला सांगितलं. हे मात्र कोणाला सांगितलं नाही की विचारलं तेव्हा सॅक भरून दाराशी ठेवलेली होती, आणि तुला ती दिसत होती.

आपल्या घरात पहिला नको कोणी ऐकतं का? माणूस नको बोलला की आपण वाढतो. परत नको बोलला की परत वाढतो. तिसऱ्यांदा ताटावर दोन्ही हात आडवे धरले तर सोडतो. जावईबापू पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा बिचारे खरंच नको बोलत होते, तरी मी चिंबोरीचा रस्सा ओतत गेले, आणि मग नाक्यावर गाडी थांबवून ते कितीतरी वेळ पोट धरून उभे होते. परक्या पोराला मी तीनदा विचारलं. पोटच्या पोरीला एकदा.

आणि तू तर लहानपणापासूनची नकोवाली. पडघ्याच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानासमोर आपण उभे होतो, तू एवढीशी होतीस. बाबांनी विचारलं, पाहिजेत? तू बोललीस, नको. रिक्षात बसलो आणि तू बाहेर तोंड करून आवाज न करता रडायला लागलीस. बाबांनी रिक्षा परत फिरवायला लावली. मी वैतागले होते, उशीर होतो म्हणून. ते बोलले, “हिचा पयला नको खरा नस्तो, ध्यानात ठेव.” मी ध्यानात ठेवलं होतं गं. त्या दिवशी मला जायचं होतं, म्हणून तुझं “जा” मला खरं वाटलं.

रतनगडाच्या माथ्यावर खडकाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. त्यात बसलं की दोन्ही बाजूंनी वारा येतो. खाली सगळा उतार सोनकीच्या फुलांनी पिवळा झाला होता. मी तिथे पाय सोडून बसले होते आणि मला सुख वाटत होतं. नुसतं बरं नाही, सुख. माझ्या लग्नात वाटलं नाही, तुम्ही दोघं जन्मलात तेव्हाही भीतीच जास्त होती. त्या दुपारी वाटलं, झालं, आता मरण आलं तरी चालेल. आणि त्याच दुपारी तू निशाचा हात धरून आई आई करत होतीस. निशानेच सांगितलं मला, नखं रुतलेली दाखवली. मी तिला विचारलं तेव्हा किती वाजले होते. तिने सांगितलं, मी तेव्हा नेढ्यात बसले होते.

तुला वाटत असेल मी रेंज नव्हती, कळलं नाही, असं लिहीन. रेंज नव्हती हे खरंच आहे. पण माझ्या जिवाला ते टोचत नाही. मला हे टोचतं की तुझ्या सगळ्यात वाईट घडीला मी आनंदात होते, आणि तो आनंद खोटा होता असं मला अजूनही बोलता येत नाही. खूप प्रयत्न केला. डोळे मिटले की सोनकी दिसते आणि त्यावर तुझा आवाज येतो. आता ते दोन्ही वेगळं होत नाही.

दुसऱ्या दिवशी रतनवाडीत उतरलो आणि फोन वाजायला लागला. रमशा सगळ्यांना तिथेच सोडून माझ्याबरोबर निघाली. दवाखान्यात आले तेव्हा बायजाबाई तुझ्या पायाशी बसल्या होत्या. बाळ झोपलं होतं. मला उचलायचं होतं, पण हाताच्या रेषांत माती होती, म्हणून लांबूनच बघितलं. तू डोळे उघडलेस आणि बोललीस, “दमली असशील आई, घरी जा.” आणि मी गेले. परत एकदा तुझं पहिलं जा ऐकून गेले. वाटलं आंघोळ करते, सकाळी येते. सकाळी खाट रिकामी होती, तुम्ही पडघ्याला गेला होता. बाळाची पाचवी तिकडेच झाली.

तुझी पोर अजून मी हातात घेतलेली नाही.

तुला बरं वाटेल असं एक वाक्य मला लिहिता येईल की मी फिरणं सोडलं. रमशाचे फोन येतात, मी घेत नाही. बूट माळ्यावर टाकलेत. पण कायमचं सोडलं असं लिहिणार नाही. मांजराची पिल्लं मोठी होतील, सॅक रिकामी होईल, तेव्हा माझ्या मनात काय येईल ते मला सांगता येत नाही. तुला माझ्याकडून आणखी एक खोटं नको. एवढंच सांगते, यापुढे सॅक भरायच्या आधी विचारेन.

पाळणा तयार आहे. सागवानी आहे, भिवंडीतल्या सुताराकडून करून घेतला. कड्या मी हाताने फिरवून बघितल्या, बोट अडकत नाही. गुरुवारी भावेशचा टेम्पो सांगितलाय. पाळणा एकटा येणार नाही. मी मागे त्याला धरून बसणार आहे.

तुझा नको मिळाला आहे. तो पहिला आहे, म्हणून मी तो ऐकला नाही. गुरुवारी दारात उभी राहून विचारेन, येऊ का. चार बायकांसमोर नको बोललीस तरी चालेल, मी ओट्याखाली थांबेन आणि परत विचारेन. तिसऱ्यांदा तू दोन्ही हात आडवे धरलेस, तर पाळणा आत देईन आणि तशीच मागे फिरेन. मनात धरणार नाही.

पण आता दर वेळी तुला तोंडाने बोलावं लागेल, माझ्याकडे बघून. हात धुऊन येते.

दोनदा पहिल्याच शब्दाला उठून गेलेली,
तुझी आई