चार बोल्टचं काम

प्रिय मोहिनी,

अंबडच्या आपल्या कारखान्यात आज तुझ्या जागेवरचा रॅक खाली घेतला. परदेशी पाहुणे बघायला येणार आहेत म्हणून. चार बोल्ट आणि अर्धा तास, एवढंच काम होतं.

मागच्या वर्षी, तू यायच्या आधी, एक डॉक्टरबाई तपासणीला आल्या होत्या. डोक्याच्या वरच्या रॅकवरून दिवसभर जड पेट्या उतरवताना कुणाचे खांदे दुखतात का, असं त्यांनी मला विचारलं. मॅनेजर शेजारीच उभे होते आणि मला लाइन लीडर व्हायचं होतं. मी म्हणाले, "नाही मॅडम, सवय झालीय सगळ्यांना." तेव्हा माझ्या डब्याच्या पिशवीत मलमाची ट्यूब होती.

मी लीडर झाले आणि माझ्या जागी तू आलीस. आठ महिन्यांत तुझा हात वर जाईना. राजीनाम्याचा कागद तुझ्यासमोर मीच ठेवला.

परवा चांदवडहून तुझा मेसेज आला, "ताई, तुम्ही तिथे सहा वर्षं काढलीत. माझंच शरीर नाजूक निघालं."

नाजूक नव्हतीस गं. माझाही खांदा रोज ठणकायचा. पण मी तुला "काळजी घे" एवढंच उत्तर पाठवलं, आणि हे पत्र पाठवायची माझी हिंमत नाही.

तुझी,
सुधाताई