रोज्यात काढलेली पट्टी

ट्युनिस

आई, तुझे हात डोळ्यांना लावून लिहितोय.

मी ठणठणीत आहे. बेकरीत काम भरपूर आहे. खोलीत आता शांतता असते.

माझ्यासोबत राहणारा हेदी फार घोरायचा, झोपेत मध्येच त्याचा श्वास अडायचा. दातांच्या डॉक्टरनं खालचा जबडा पुढे धरणारी पट्टी दिली, तेव्हा घोरणं थांबलं. पण रमजानात आम्ही रात्री राबतो, दिवसा झोपतो. "तोंडात काही धरून रोजा कसला, लेका?" म्हणत तो पट्टी काढून ठेवायचा. मंगळवारी उठलाच नाही.

इमाम म्हणाले, पट्टीनं रोजा मोडत नाही. हेदीनं विचारलंच नव्हतं.

बाबांचीही तसलीच पट्टी आहे. रोज्यात दुपारी झोपताना लावतात ना? नाही म्हणाले तर भांड. आणि घोरता घोरता गप्प झाले, तर 'शांत झोपलेत' म्हणून पांघरूण घालू नकोस. हलवून उठव.

तुझा मुनसिफ